योहानाच्या शुभवर्तमानात शेवटचं जेवण आहे, पण भाकर आणि प्याला कुठाय?

ओसरी

मंडळी, बायबल हा आपल्याकडे फारसा न येणारा विषय, म्हणून आधीच सांगून टाकतो, धागा धर्मप्रचाराचा नाही आणि खंडनाचाही नाही. ग्रंथ म्हणून वाचताना जो किडा डोक्यात वळवळतोय तो इथे सोडतोय.

बायबलात येशूची चार चरित्रं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यातल्या मत्तय, मार्क, लूक या तिघांकडेही येशूला अटक झाली त्या रात्रीचं जेवण आहे. तो भाकर घेतो, आभार मानतो, मोडतो, देतो, हे माझं शरीर म्हणतो, मग प्याला घेऊन हे माझं रक्त म्हणतो. आज जगभरच्या चर्चमध्ये मिस्सा म्हणा, प्रभुभोजन म्हणा, जे काही चालतं ते या दोन-चार वाक्यांवर उभं आहे. आता चौथ्याकडे या, योहानाकडे. या गृहस्थाने त्या एका रात्रीला तब्बल पाच अध्याय दिलेत, १३ ते १७, बाकी कुणीच एवढी जागा दिलेली नाही, आणि एवढं करून भाकर-प्याल्याचा विधीच गायब! जेवण आहे, दगा देणाऱ्या यहूदा या शिष्याला दिलेला घास आहे, लांबलचक बोलणी आहेत, पण 'हे माझं शरीर' नाही. त्याऐवजी येशू भर जेवणातून उठतो, वरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुवायला बसतो.

बरं, एकदा राहून गेलं असेल म्हणावं तर बाप्तिस्म्याचंही (पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी) तेच. येशू यार्देन नदीत उतरला, पाण्यातून वर आला, हा प्रसंग योहान सांगतच नाही. बाप्तिस्मा करणारा योहान (हा वेगळा, लेखक नव्हे) पहिल्या अध्यायात फक्त एवढंच म्हणतो की आत्मा कबुतरासारखा याच्यावर उतरताना मी पाहिला. पाण्यात उतरल्याचा उल्लेख वगळलाय. पुढे ३:२२ मध्ये (म्हणजे अध्याय ३, वचन २२) येशू बाप्तिस्मा करत होता असं लिहिलंय आणि लगेच ४:२ मध्ये कंसात घातल्यासारखं, की तो स्वतः नव्हता करत हं, त्याचे शिष्य करत होते.

म्हणजे दोन सगळ्यात मोठे संस्कार, आणि दोघांच्याही मुळाची गोष्ट या पुस्तकात नाही. आणि त्याच वेळी पुस्तकभर पाणी, भाकर, द्राक्षवेल आणि रक्त यांची रेलचेल. निकदेमाला 'पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्म', शोमरोनी बाईला विहिरीवर जिवंत पाणी, आंधळ्याला शिलोह तळ्यावर जाऊन धू, आणि सहाव्या अध्यायात तर थेट 'माझा देह खा, माझं रक्त प्या'.

माझं मत असं की योहानाने विधी गाळला नाही, एका रात्रीतून उचलून सगळ्या चरित्रभर पसरून टाकला. त्याचे वाचक दर आठवड्याला भाकर मोडणारे लोक होते, त्यांना विधी कसा सुरू झाला ते सांगायची गरजच नव्हती, आपण हातात काय धरतोय ते सांगायचं होतं. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

धागा आवडला पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. गाळलं तर गाळलं, त्याला 'पसरलं' म्हणणं म्हणजे नसलेल्या गोष्टीचा पुरावा नसण्यातूनच काढणं झालं. आणि एकदा का हा चष्मा चढवला की जिथे ओलं दिसेल तिथे बाप्तिस्मा आणि जिथे कुणी चावलं तिथे प्रभुभोजन. जुन्या काळात लोक विहिरीवर जायचे राव, तहान लागायची.

रुडॉल्फ बुल्टमान नावाचा जर्मन पंडित, १९४१ चं त्याचं योहानावरचं भाष्य प्रसिद्ध आहे, त्याने नेमकं उलट मांडलंय. मूळ लेखकाला संस्कारांत रस नव्हता, त्याचा सगळा भर शब्दावर आणि विश्वासावर, मग नंतर कुणीतरी चर्चवाल्या संपादकाने ३:५ मध्ये 'पाण्यापासून आणि' एवढं घुसडलं, सहाव्या अध्यायात ५१ च्या शेवटापासून ५८ पर्यंतचा देह-रक्ताचा तुकडा जोडला, १९:३४ मधलं रक्त आणि पाणीही त्याचंच. तेवढं उचलून बाजूला ठेवा, काय उरतं? सहाव्या अध्यायात पुढे ६३ मध्ये स्वच्छ म्हटलंय, आत्मा जीवन देणारा आहे, देहाचा काही उपयोग नाही.

ओसरी

तिरकसराव, वाटच बघत होतो तुमची :)

बुल्टमानचं वाचलंय. अडचण अशी की 'पाण्यापासून आणि' नसलेलं एकही ग्रीक हस्तलिखित हाताशी नाही. नंतर घातलं असू शकतं, पण मग सिद्धांताला गैरसोयीचं ते सगळं संपादकाच्या नावावर खपवता येतं. दुसऱ्या टोकाला ऑस्कर कुलमान हा अभ्यासक, त्याला जवळपास पानोपानी संस्कार दिसतात, तिथे मात्र तुमचा ओल्याचा मुद्दा मान्य. मला रेमंड ब्राऊन या अभ्यासकाची रीत पटते. त्याचं म्हणणं साधारण असं की एखाद्या प्रसंगात संस्कार बघायचा तर दोन गोष्टी हव्यात, मजकुरातच तशी खूण हवी आणि बाहेरून, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणात, उपासनेत, चित्रांत, तो प्रसंग तसा वापरल्याचं दिसायला हवं. नुसतं आपल्याला वाटलं म्हणून नाही.

ही चाळणी लावली की काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा केलेला द्राक्षारस माझ्या मते खाली पडतो, निदान अर्धा. सहा दगडी रांजण, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी, आजच्या हिशोबात सगळे मिळून पाचशे लिटरच्या आसपास, तो भरभरून वाहणाऱ्या नव्या युगाचा द्राक्षारस आहे, वेदीवरचा असेलच असं नाही. भाकरी मात्र टिकतात. शिलोह तळंही टिकतं.

भाकरींचा प्रसंग जवळून बघा ना. ५००० लोकांना जेवू घालण्याची गोष्ट चौघांकडे आहे. जवाच्या भाकरी आणि तो पोरगा फक्त योहानाकडे. बाकी तिघांकडे येशू शिष्यांना देतो आणि शिष्य लोकांना वाढतात, योहानाकडे तो स्वतः वाटतो. भाकर घेतली, आभार मानले, वाटली, आणि मग उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाता कामा नये. त्याआधी ६:४ मध्ये एक वाक्य सहज टाकलंय, वल्हांडण सण (यहुद्यांचा मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण) जवळ आला होता. गोष्टीला त्याची काही गरज नाही. ते कशाला आलं मग? दुसऱ्या दिवशी कफर्णहूमच्या सभास्थानात 'देह खा, रक्त प्या' हे भाषण, आणि ते ऐकून बरेचसे शिष्य सोडून जातात. म्हणजे वल्हांडण आहे, भाकर आहे, आभार आहेत, देह-रक्त आहे, आणि ६:७१ मध्ये विश्वासघात करणारा यहूदाही आहे. शेवटच्या जेवणाचं सगळं सामान इथे, गालीलात, वर्षभर आधी मांडून ठेवलंय. याला गाळणं म्हणायचं?

गवतीचहा

बापरे. हे सगळं माहीतच नव्हतं. मला एवढंच माहीत की नाताळात केक असतो :D
वाचतेय, चालू द्या.

वसईकरीण

धाग्यावर यायलाच हवं होतं. आमच्याकडे लहानपणापासून हे सगळं उपासनेतच कानावर पडतं, पुस्तकातून नंतर कळतं.

ओसरीदादा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पवित्र गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या मिस्सात आहे. त्या संध्याकाळी ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे त्याच भाकर-प्याल्याच्या विधीच्या स्थापनेचा सण, बरोबर? वाचनं कुठली असतात सांगते. पहिलं बायबलच्या जुन्या करारातल्या निर्गममधून, वल्हांडणाचं कोकरू, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावणं. दुसरं पौल या प्रेषिताचं, करिंथकरांस पहिलं पत्र ११ वा अध्याय, 'प्रभूने भाकर घेतली'. आणि शुभवर्तमान? मत्तय, मार्क, लूक यातलं एकही नाही, दरवर्षी योहान १३, पाय धुण्याचं. म्हणजे ज्या दिवशी ज्याची स्थापना साजरी करायची त्याच दिवशी नेमकं ते नसलेलं शुभवर्तमान वाचायचं! मग फादर खाली उतरून खरोखरच पाय धुतात. आधी बारा पुरुष असायचे, २०१६ ला पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, आता बायकाही असतात. आमच्या आजीला त्या बाकावर बसवलं तेव्हा ती आठवडाभर टाचा घासत होती, फादरना भेगा दिसायला नकोत म्हणून.

आणखी एक, उपवासकाळात मोठ्या वयात स्नानसंस्कार (आमच्याकडे बाप्तिस्म्याला हेच म्हणतात) घेणाऱ्यांच्या तयारीचे तीन रविवार असतात, त्यांची वाचनं शोमरोनी बाई, जन्मांध माणूस, लाजरस. तिन्ही योहानातली. तिरकस यांना विहिरीवर फक्त तहान दिसते पण चर्चने तिथे स्नानसंस्कार बघितला तो काल-परवा नाही.

तिरकस

वसईकरीणताई, चर्चने बघितला हे मान्यच आहे. लेखकाने दाखवला का, हा प्रश्न आहे. दोन्हीत फरक आहे की नाही?

आजींचं लय भारी.

खापर

इथे थोडं मातीतलं बोलतो. सिरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस नावाचं गाव होतं, सरहद्दीवरचं छावणीचं. इ.स. २५६ च्या सुमाराला इराणच्या ससानी सैन्याने ते घेतलं आणि मग ते ओसाडच पडलं. वेढा पडायच्या आधी रोमनांनी तटाला आतून आधार म्हणून मातीचा भराव घातला, तटाला लागून असलेली घरं त्यात गाडली गेली, आणि त्यातलं एक घर ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर निघालं. १९३० च्या दशकात येल विद्यापीठ आणि फ्रेंच मंडळींनी खणलं. साधं अंगणाचं घर आहे, दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेची खोली केलेली, आणि बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्याची टाकी, वर कमान, निळ्या छतावर चांदण्या. आता त्या खोलीतली चित्रं येलच्या संग्रहालयात आहेत. भिंतीवर काय आहे तर टाकीच्या मागे मेंढपाळ, त्याच्या खाली आदाम-हव्वा, बाजूला बरा झालेला पक्षाघाती आपली बाज उचलून निघालाय, पाण्यावर चालणारा शिष्य पेत्र, आणि विहिरीत वाकलेली बाई. ती शोमरोनी की येशूची आई मरिया यावर आता भांडण आहे, पण खोलीचा उपयोग काय होता यावर कुणाचंच भांडण नाही.

म्हणजे तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात लोक टाकीत उभं राहून, डोक्यावर पाणी घेत, या गोष्टी भिंतीवर बघत होते. वाचून नव्हे, ओले होऊन. लेखकाच्या मनात काय होतं ते कुणी सांगावं, पण त्याच्या नंतर दीडेकशे वर्षांत वाचक कुठे पोचले होते ते भिंतीवर आहे.

रोममध्ये कॅलिक्सटसच्या भुयारी दफनभूमीत माशाचं चित्र आहे, त्यासोबत भाकरीची टोपली आणि टोपलीत लालसर काहीतरी दिसतं, बहुतेक द्राक्षारसाचा पेला. मासे गालीलातल्या जेवणातले, द्राक्षारस त्या रात्रीचा, आणि चितारणाऱ्याने दोन्ही एकत्र केलं. ओसरी म्हणतायत तेच त्याने रंगात केलं.

ओसरी

खापर, दंडवत! शेवटचं वाक्य उसनं घेतो.

नगरी_मिसळ

आमचं घराणं अहमदनगरकडचं, प्रोटेस्टंट. आमच्याकडे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच, आणि प्रभुभोजनाला पौलाचा तो उतारा वाचतात. त्यावरून एक सांगावंसं वाटतं, चर्चा सगळी योहानाभोवती फिरतेय पण लिखित स्वरूपात सगळ्यात जुना मजकूर पौलाचाच आहे, साधारण इ.स. ५४ च्या आसपासचा, चारही शुभवर्तमानांच्या आधीचा. आणि तो कुठल्या संदर्भात आलाय? धर्मशास्त्र शिकवायला नाही, भांडण मिटवायला. करिंथमध्ये मंडळी एकत्र जेवायची, त्यात पैसेवाले आधी येऊन स्वतःचं स्वतः हादडून मोकळे, पिऊन टाइट, आणि राबून उशिरा येणारे उपाशी. पहिली पंगत पोटभर आणि दुसऱ्या पंगतीला रिकामं पातेलं, आपल्याकडच्या गावजेवणात कोण कुठे बसायचं हे ज्यांनी बघितलंय त्यांना फोड करून सांगायला नको. पौल भडकतो, खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत का? ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता? आणि या रागातून तो म्हणतो, मला प्रभूपासून जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं.

दहाव्या अध्यायात तर आणखी सरळ आहे, भाकर एक म्हणून आपण पुष्कळ जण एक शरीर. म्हणजे त्याच्या लेखी 'शरीर' ताटातही आहे आणि पंगतीतही. म्हणून जो शरीर न ओळखता खातो तो स्वतःवर दंड ओढवतो हे ११:२९ मला नेहमी असं वाटतं की शेजारच्या उपाशी माणसाला न ओळखणं. यावर आमच्या पाळकसाहेबांशी वाद झालाय, ते फक्त ताटातलंच म्हणतात.

वसईकरीण

नगरी, हे आवडलं. आणि मग योहान १३ चं पाय धुणं तेच सांगत नाही का? पौल भाकर देऊन सांगतो, योहान गंगाळ देऊन. पाय धुणं हे गुलामाचं काम. पेत्र म्हणतो माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, येशू म्हणतो मग तुला माझ्याबरोबर वाटा नाही. मग पेत्र, तर हात आणि डोकंही धू! (पेत्र म्हणजे पेत्रच.) त्यावर 'ज्याचं स्नान झालंय त्याला पाय धुण्यावाचून कशाची गरज नाही'. याचा अर्थ जुन्या लोकांनी असाही लावला की स्नान म्हणजे स्नानसंस्कार, तो एकदाच, पाय म्हणजे रोजची धूळ.

ओसरी

मिलानमध्ये चौथ्या शतकात तर नुकताच बाप्तिस्मा झालेल्यांचे पाय धुवायचा विधीच होता. रोममध्ये नव्हता आणि मिलानचा बिशप अम्ब्रोस आपल्या नवख्यांना सांगतो की रोमला आम्ही मानतो पण आम्हालाही अक्कल आहे, अशा अर्थाचं. म्हणजे कॅथलिकांच्या सात संस्कारांत पाय धुण्याचा आठवा होता होता राहिला म्हणायचं.

चकवा

हे सगळं रोमन काळातल्या मिथ्र देवाच्या पंथातून उचललंय ना? त्यांच्यातही भाकर आणि पेला होता. व्हॉट्सॲपवर आलं होतं.

खापर

व्हॉट्सॲपला जय हो.

भाकर आणि पेल्याचं साम्य होतं, आणि ते ख्रिस्ती माणसानेच लिहून ठेवलंय. जस्टिन, रोममध्ये, साधारण १५५ ला सम्राटासाठी लिहिलेल्या निवेदनात. तो म्हणतो सैतानांनी आमची नक्कल करून मिथ्राच्या गूढविधीत भाकर आणि पाण्याचा पेला घातला. म्हणजे नक्कल कुणी कुणाची केली हा वाद तेव्हाही होता. पण रोमन मिथ्राचे पुरावे मिळायला लागतात पहिल्या शतकाच्या अखेरीपासून, आणि नगरी यांनी सांगितलेलं पौलाचं पत्र त्याच्या आधीचं आहे. उचलायचंच तर जवळ यहुदी वल्हांडण आणि यहुदी जेवणातले आशीर्वाद होते, तितक्या लांब जायची गरज नव्हती.

त्याच निवेदनात जस्टिन रविवारच्या सभेचं वर्णन करतो ते वाचण्यासारखं आहे. वाचन, प्रवचन, उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस, जे आले नाहीत त्यांना सेवक घरी नेऊन देतात, वर्गणी जमते ती अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांना. हे सगळं तो रोमन सम्राटाला सांगतोय कारण बाहेर अफवा होत्या की हे लोक माणसं खातात. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की चौकशी केली, ते जे खातात ते साधंच, निरुपद्रवी अन्न आहे.

तिरकस

मी अजून मैदान सोडलेलं नाही. 'दिदाखे' कुणीच काढलं नाही अजून. सुरुवातीच्या मंडळ्यांचं नियमपुस्तक, पहिल्या शतकाची अखेर किंवा दुसऱ्याची सुरुवात. १८७३ ला ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूला कॉन्स्टँटिनोपलमध्ये १०५६ सालच्या एका हस्तलिखितात सापडलं. त्यात बाप्तिस्म्याच्या सूचना बघा, वाहतं पाणी घ्या, ते नसेल तर दुसरं, गार नसेल तर कोमट, दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आणि भोजनाच्या प्रार्थना आहेत त्यात आधी प्याला आणि मग भाकर, उलटा क्रम. प्याल्यावर 'दाविदाची पवित्र द्राक्षवेल', भाकरीवर 'ही मोडलेली भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि एकत्र येऊन एक झाली तशी तुझी मंडळी'. शरीर नाही, रक्त नाही, शेवटची रात्र नाही, क्रूस नाही. म्हणजे 'हे माझं शरीर' न म्हणताही लोक हे जेवण करत होते. मग योहानाच्या मंडळीतही तसंच असेल! त्याने पसरलं नाही, गाळलंही नाही, त्याच्याकडे ते त्या रात्रीशी जोडलेलंच नसेल. कसं वाटतंय?

ओसरी

हा मात्र जोरात बसला. प्रामाणिकपणे, पहिल्या भागाला माझ्याकडे उत्तर नाही, योहानाच्या मंडळीत ते त्या रात्रीशी जोडलेलं नसेलही. दिदाखेत द्राक्षवेल आणि योहान १५ मध्ये 'मी खरा द्राक्षवेल', तुमच्या बाजूने आणखी एक घ्या.

पण मरणाशी जोडलेलं नव्हतं असं म्हणाल तर नाही पटणार. सहाव्या अध्यायात 'मी देईन ती भाकर जगाच्या जीवनासाठी माझा देह' आहे. आणि योहानाने सणाची तिथी बदललीय हे विसरू नका. बाकी तिघांकडे शेवटचं जेवण हेच वल्हांडणाचं जेवण. योहानाकडे वल्हांडण अजून व्हायचंय, म्हणून १८:२८ मध्ये यहुदी पुढारी रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्यात पाऊल टाकत नाहीत, विटाळ होऊन सणाचं जेवण चुकेल म्हणून. म्हणजे मंदिरात कोकरं कापली जातात त्याच दुपारी येशू क्रूसावर. आंबेत (आंबट द्राक्षारसात) भिजवलेला स्पंज एजोबाच्या काठीवर बसवून त्याच्या तोंडाला लावतात, एजोब म्हणजे निर्गममध्ये चौकटीला रक्त लावायला वापरलेली तीच झुडपाची जुडी. पाय मोडत नाहीत, कारण वल्हांडणाच्या कोकराचं हाड मोडायचं नसतं, आणि हे तो उघड सांगतो. मग भाला, आणि रक्त आणि पाणी, आणि लगेच 'ज्याने पाहिलं त्याने साक्ष दिली आहे'. आता कोकराचं पुढे काय करतात? खातात. ज्या वाचकाने आयुष्यात एकदा तरी वल्हांडण पाळलाय त्याला कोकरू दाखवल्यावर जेवण वेगळं दाखवावं लागत नाही.

क्रिसोस्तोम हा ग्रीक धर्माचार्य या रक्त आणि पाण्यात प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा बघतो, जशी आदामाच्या कुशीतून हव्वा तशी याच्या कुशीतून मंडळी, असं. ते त्याचं चौथ्या शतकातलं. पण पाणी, रक्त आणि आत्मा हे तीन साक्षीदार योहानाच्या पहिल्या पत्रातच आहेत, म्हणजे त्याच घराण्यात.

तिरकस

कोकराचं पटलं. ३:५ चं नाही. बरोबरीत सोडू.

गवतीचहा

एक बाळबोध प्रश्न. यहूदाला मिळालं का मग? म्हणजे ती भाकर, प्याला. तो होता ना तिथे?

वसईकरीण

बाळबोध अजिबात नाही, यावर मोठमोठे लोक भांडलेत. मत्तय-मार्कमध्ये विश्वासघाताचं बोलणं आधी आणि भाकर नंतर, तो मध्येच गेला की नाही ते लिहिलेलं नाही. लूकमध्ये भाकर-प्याला झाल्यावर येशू म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे, म्हणजे मिळालं. योहानात येशू घास बुडवून त्याच्या हातात देतो आणि तो घेऊन बाहेर पडतो. जुना धर्माचार्य ऑगस्टीन म्हणतो की तो घास म्हणजे प्रसाद नव्हे, प्रसाद त्याआधीच सगळ्यांना वाटून झाला होता, यहूदालासुद्धा, लूक सांगतो तसा.

नगरी_मिसळ

आमच्याकडे पण लूकाचंच धरतात बहुतेक. नालायकाला मिळालं म्हणून भाकर खोटी होत नाही, असं आमचे पाळक सांगतात.

तिरकस

लूकाचं धरताय खरं, पण बेझा नावाच्या जुन्या हस्तलिखितात लूक २२:१९ चा उत्तरार्ध आणि २० वं वचनच नाही. म्हणजे आधी प्याला, मग भाकर, संपलं. दिदाखेचा क्रम!

ओसरी

अहो हे आधी सांगायचं ना! नवीन धागा तुम्हीच काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.